आचार्य धर्मानंद कोसंबी : गृहस्थ आणि अध्यापक

कै. आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे नाव निघाले की बहुधा एकच हकीकत सांगितली जाते. तान्ह्या मुलीला आणि तरुण पत्नीला मागे ठेवून हा सांखवाळचा शेणवी बुद्धाच्या शोधार्थ घराबाहेर पडला, ही ती हकीकत होय. ती खोटी नाही. परंतु अर्धीच आहे. बाहेर पडलेला हा पुरुष सात वर्षांनी परत आला, काषाय वस्त्रे उतरवून त्याने संसार पुन्हा हाती घेतला आणि उरलेले आयुष्य मुख्यतः अध्यापनात व ग्रंथलेखनात वेचले, हा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो.

सांखवाळ हा जुन्या सासष्टीतील गाव. तेथील श्रीनृसिंह सोळाव्या शतकात खाडीपलीकडे वेलिंगीस गेला, हे महाजन मंडळींस सांगावयास नकोच. देव गेले तरी काही घराणी जमीनजुमल्याला धरून त्या परिसरात टिकली. अशाच एका घराण्यात दि. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंदांचा जन्म झाला. घरचा चरितार्थ नारळीच्या भाटांवर चाले. नोव्हा गोवा येथील लिसेंव १८५४ पासून सुरू होते. पण त्याची पायरी धर्मानंदांनी कधी चढली नाही. गावच्या मराठी शाळेत मिळाले तेवढेच त्यांचे रीतसर शिक्षण. तेही खंडित स्वरूपाचे होते. बाकी सारे वाचनाने झाले. विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले, आणि मुलांसाठी लिहिलेल्या त्या चार पानांनी एका प्रौढ, विवाहित माणसाच्या आयुष्याची दिशा बदलली. मराठी मासिकांची थोरवी सांगणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

त्यांचा विवाह बालवयातच चिखलीच्या लाड घराण्यातील बाळाबाईंशी झालेला होता. १८९९ मध्ये थोरली कन्या माणिक जन्मली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आश्रय मिळाला. तेथून ते ग्वाल्हेर, उज्जैन, इंदूर असे फिरत संस्कृत शिकण्यासाठी काशीस पोहोचले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी व्याकरण पक्के केले. पुढे नेपाळ, बुद्धगया असा प्रवास करून ते सिलोनात विद्योदय विद्यालयात दाखल झाले. तेथे सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली व पाली भाषेचे अध्ययन केले. त्यानंतर ते ब्रह्मदेशात गेले. या भ्रमंतीचा सविस्तर वृत्तांत त्यांनी ‘निवेदन’ या आत्मकथनात दिला असल्याने येथे तो वाढविण्याचे कारण नाही.

या सर्व काळात बाळाबाई गोव्यात होत्या. पती परत येईल की नाही हे ठाऊक नाही, पदरी लहान मूल, आणि ज्या समाजात नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे लोक कोणत्या दृष्टीने पाहत हे सर्वश्रुत आहे तो समाज. ‘निवेदन’ वाचणाऱ्याला त्यांची बाजू ओळींच्या मधूनच शोधावी लागते. धर्मानंदांच्या तपश्चर्येचे मोल सांगताना त्यातील मोठा वाटा दुसऱ्या कोणी तरी फेडीत होते, हे विसरणे न्यायाचे होणार नाही.

१९०६ मध्ये कलकत्त्यास धर्मानंदांनी भिक्षुवेष उतरविला. ज्या धर्माचे ज्ञान आपण इतक्या कष्टाने मिळविले ते आपल्या लोकांना द्यावयाचे, तर विहारात बसून ते साधणार नाही, शिकवावयास हवे, अशी त्यांची धारणा झाली. तेथील नॅशनल कॉलेजात व नंतर कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. त्याच सुमारास ते गोव्यास येऊन कुटुंबाला भेटले आणि खंडित झालेला संसार पुन्हा सुरू झाला. दि. ३१ जुलै १९०७ रोजी चिरंजीव दामोदर यांचा जन्म झाला. पुढे मनोरमा आणि कमला या दोन कन्या झाल्या.

येथे एक गोष्ट विशेष नमूद करण्यासारखी आहे. विद्यापीठातील वेतन चांगले होते, संसाराला त्याची गरजही होती. असे असता, बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनी, महाराष्ट्रात कोठेही राहून ग्रंथरचना करावी, दरमहा ५० रुपये मिळतील, असे कळविताच धर्मानंदांनी कलकत्ता सोडले. व्यवहारी माणूस याला वेडेपणा म्हणेल. परंतु मराठी भाषेत बुद्धाची ओळख करून देणे हेच त्यांचे मुख्य उद्दिष्ट होते. बडोद्याच्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे लहानसे, सुबोध पुस्तक तयार झाले.

१९१० मध्ये प्रा. वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. वॉरन नावाच्या विद्वानाने हाती घेतलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन त्याच्या मृत्यूने अपुरे राहिले होते. ते पुरे करावयाचे होते. तेथील प्रा. लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद झाले व काम अर्धवट टाकून धर्मानंद परतले. मानी स्वभावाचा हा विशेष त्यांच्यात अखेरपर्यंत दिसतो.

१९१२ ते १९१८ ही पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातील वर्षे त्यांच्या गृहस्थजीवनातील त्यातल्या त्यात स्थिर वर्षे होत. ज्याने स्वतः कोणतीही पदवी घेतली नव्हती तो पदवीच्या विद्यार्थ्यांना पाली शिकवीत होता. त्यांच्या हाताखाली प्रा. पु. वि. बापट, प्रा. ना. के. भागवत, प्रा. चिं. वै. राजवाडे असे विद्यार्थी तयार झाले आणि महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाची परंपरा सुरू झाली ती या वर्गातून.

१९१८ मध्ये पुन्हा हार्वर्डला जाताना त्यांनी माणिक व अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर नेले. ज्या मुलीला पाळण्यात सोडून ते गेले होते, त्याच मुलीला उच्च शिक्षणासाठी त्यांनी समुद्रापार नेले. तेही मुलींना उच्च शिक्षण देण्याची फारशी चाल नसताना. या एका कृतीने मागचे सारे फिटले असे म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नव्हे. कारण याही वेळी बाळाबाई धाकट्या मुलींसह मायदेशीच राहिल्या. दामोदर पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगविख्यात झाले आणि ज्या फर्ग्युसनमध्ये वडिलांनी पाली शिकविली तेथेच त्यांनी गणित शिकविले.

नंतरच्या काळात गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड आणि काशी येथे त्यांचे वास्तव्य घडले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी कारावासही सोसला. ‘विसुद्धिमग्गा’चे काम मात्र त्यांनी सोडले नाही. आणखी दोनदा अमेरिकेस जाऊन ते पुरे केले.

त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथातील एक प्रकरण या संदर्भात मुद्दाम वाचावे. सिद्धार्थ मध्यरात्री, निजलेल्या पत्नीपुत्रांना न जागवता निघून गेला, ही लोकप्रिय कथा त्यांनी नाकारली. अरियपरियेसन सुत्ताच्या आधारे त्यांनी दाखवून दिले की, गौतमाने आईबाप समोर रडत असताना, उघडपणे गृहत्याग केला. शाक्य आणि कोलिय यांच्यातील भांडणांना व शस्त्रबळाला विटून तो निघाला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पंडितांनी या मताचा पुष्कळ खल केला. परंतु घर सोडणे म्हणजे काय, मागे राहणाऱ्यांचे अश्रू कसे असतात, हा प्रश्न या लेखकाला केवळ पोथीतून भेटलेला नव्हता. उतारवयात रचलेल्या ‘बोधिसत्त्व’ या नाटकातही त्यांनी हाच विषय पुन्हा हाताळला.

अखेरच्या वर्षांत प्रकृती ढासळली. शरीर निरुपयोगी झाले असता अन्नत्यागाने ते ठेवावे, असा त्यांचा निश्चय झाला होता. गांधीजींच्या आग्रहावरून तो काही काळ लांबला. दि. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले. हार्वर्ड ग्रंथमालेतील ‘विसुद्धिमग्ग’ त्यानंतर तीन वर्षांनी, १९५० मध्ये, प्रसिद्ध झाला. त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ कै. डॉ. मीरा कोसंबी, यांनी आजोबांचे निवडक लेखन इंग्रजीत आणले व त्याबरोबर बाळाबाईंच्या वाट्याला आलेल्या आयुष्याची दखलही घेतली.