पुनरुज्जीवनाचा इतिहास : ‘स्ट्रे कॅट्स’ आणि रॉकाबिली संगीताचा लंडनमार्गे प्रवास

प्रस्तावना

‘पुनरुज्जीवन’ हा शब्द इतिहासलेखनात आपण बहुधा धर्म, भाषा आणि अभिजात कला यांच्या संदर्भात योजतो. लोकप्रिय संगीतातील अशा प्रयत्नांची मात्र ‘अनुकरण’ या एका शब्दात बोळवण केली जाते. प्रस्तुत लेखात ‘स्ट्रे कॅट्स’ या अमेरिकन बँडच्या वाटचालीच्या आधारे या समजुतीचा फेरविचार केला आहे. एखादी कलापरंपरा जन्मभूमीत मागे पडते आणि परक्या भूमीत जपली जाते, तेव्हा पुनरुज्जीवकांच्या हाती तिच्यातील नेमके काय लागते आणि काय निसटते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

मेम्फिस : १९५४

रॉकाबिली हा ‘रॉक’ आणि ‘हिलबिली’ यांचा जोडशब्द होय. ‘हिलबिली’ ही डोंगराळ भागातील गोऱ्या ग्रामस्थांना हिणविणारी संज्ञा. ५ जुलै १९५४ रोजी मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत एल्विस प्रेस्लीने आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचे गाणे ध्वनिमुद्रित केले. ‘सन रेकॉर्ड्स’ने काढलेल्या त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस बिल मन्रो या गोऱ्या ब्लूग्रास गायकाचे गाणे होते. बरोबर सात आठवड्यांपूर्वी, १७ मे रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले होते. शाळा, बसगाड्या, उपाहारगृहे वर्णानुसार वाटलेल्या त्या शहरात एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर दोन समाजांचे संगीत एकत्र आले, ही घटना केवळ सांगीतिक मानता येणार नाही. वाद्ये मात्र मोजकीच होती: दोन गिटार आणि तारा ओढून पट्टीवर आपटत वाजविलेला डबल बास. त्या पहिल्या तबकडीवर ड्रमदेखील नाही.

पन्नाशीचे दशक संपता संपता अमेरिकेत ही शैली मागे पडली.

लंडनची स्मृती

इंग्लंडमध्ये मात्र ती टिकून राहिली. तेथील ‘टेडी बॉय’ तरुण राजा एडवर्डच्या काळातील धाटणीचे लांब कोट घालून अमेरिकन रॉक अँड रोल ऐकत असत. वेश आजोबांच्या काळाचा आणि गाणे परदेशाचे, अशी ही विलक्षण जोडणी होती. एप्रिल १९६० मध्ये इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना चिपनहॅमजवळ टॅक्सीच्या अपघातात एडी कॉकरन मृत्युमुखी पडला आणि जीन व्हिन्सेंट जखमी झाला. या दोघांना तेथील चाहत्यांनी जवळजवळ स्थानिक दैवतांचे स्थान दिले. मे १९७६ मध्ये तर रॉक अँड रोलच्या चाहत्यांनी बीबीसीने हे संगीत अधिक प्रसारित करावे म्हणून लंडनमध्ये मोर्चा काढला.

मॅसापिक्वाचे तीन तरुण

न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवरच्या मॅसापिक्वा या उपनगरात १९७९ मध्ये ‘स्ट्रे कॅट्स’ची स्थापना झाली. ब्रायन सेट्झर (गिटार व गायन), ली रॉकर (डबल बास) आणि स्लिम जिम फँटम (ड्रम) या तिघांपैकी एकाचाही जन्म १९५४ पूर्वीचा नव्हता. ली रॉकरचे वडील स्टॅन्ली ड्रकर हे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख क्लॅरिनेटवादक होते. हा तपशील एवढ्यासाठी नोंदवायचा की, या तरुणांना रॉकाबिली घरातून मिळालेली नव्हती. त्यांनी ती तबकड्यांवरून, एखादी परभाषा शिकावी तशी, शिकून घेतली.

१९८० च्या उन्हाळ्यात ते लंडनला गेले. वेल्सचे संगीतकार डेव्ह एडमंड्स यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला पहिला आल्बम १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॉकरन आणि व्हिन्सेंट यांची गाणी नव्याने गायिली आहेत. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक बोलकी वाटतात ती दोन स्वरचित गाणी. ‘रंबल इन ब्रायटन’चा विषय इंग्लंडच्या किनाऱ्यावरील तरुणांच्या टोळ्यांची मारामारी हा आहे, तर ‘स्टॉर्म द एम्बसी’ तेहरानमधील अमेरिकन ओलिसांच्या प्रसंगावर बेतलेले आहे. जुन्या चौकटीत चालू काळ बसविणाऱ्यांना निव्वळ नक्कलकार म्हणणे अन्यायाचे ठरते.

‘बिल्ट फॉर स्पीड’ हा १९८२ मधील अमेरिकन आल्बम मुख्यतः दोन ब्रिटिश आल्बममधील गाण्यांचाच होता. तो बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. एमटीव्ही ही वाहिनी ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झाली होती आणि या तिघांचे केस, कोट व उभ्याने ड्रम वाजविण्याची रीत पडद्यासाठी जणू घडविलेलीच होती. मेम्फिसचे संगीत अमेरिकेला लंडनहून आयात करावे लागले.

जे परत आले नाही

तथापि, लंडनने काय जपले होते, हेही तपासले पाहिजे. १९५८ मध्ये नॉटिंग हिल येथे वेस्ट इंडियन स्थलांतरितांवर झालेल्या हल्ल्यांत टेडी बॉय तरुण सहभागी होते. सत्तरच्या दशकातील ब्रिटिश रॉकाबिली चाहत्यांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील गुलामगिरीसमर्थक राज्यांचा युद्धध्वज हे मिरविण्याचे चिन्ह बनले होते. म्हणजे ताल टिकला, वेश टिकला, गिटारचा नाद टिकला. क्रुडपची बाजू मात्र स्मृतीतून घसरली. याचा दोष या तीन तरुणांच्या माथी मारणे योग्य नाही. त्यांना जो वारसा मिळाला, तो आधीच निवडून, चाळून ठेवलेला होता. पण त्यांच्या यशाने तीच निवड अमेरिकेत अधिकृत ठरली, असे माझे मत आहे.

१९८४ मध्ये बँड फुटला. पुढे अनेकदा एकत्र येऊन त्यांनी आल्बम केले. सेट्झरने स्वतंत्र वाद्यवृंद उभारून स्विंग संगीताकडे मोर्चा वळविला; त्याचा ‘द डर्टी बूगी’ हा आल्बम १९९८ मध्ये आला. २००८-०९ चा ‘निरोपाचा दौरा’ निरोपाचा ठरला नाही. स्थापनेच्या चाळिसाव्या वर्षी, २०१९ मध्ये, ‘४०’ हा आल्बम आला. १९९३ नंतरचा त्यांचा हा पहिलाच नवा स्टुडिओ आल्बम होता. १९७९ मध्ये त्यांनी हाती घेतलेली रॉकाबिली अवघी पंचवीस वर्षांची होती. त्यांनी घडविलेले तिचे रूप २०१९ मध्ये चाळीस वर्षांचे झाले होते, आणि नव्या श्रोत्यांपैकी अनेकांच्या लेखी तेच मूळ रूप होते.