मथुशलह ९६९ वर्षं जगला, म्हणजे नेमकं काय?

आज सुरुवात घरातल्या गोष्टीने करतो. आमचे पणजोबा एकशे दहा वर्षं जगले, असं आमच्याकडे सगळे सांगतात. एकदा मी जुने कागद काढून हिशेब केला, तर वय निघालं ब्याऐंशी. आत्याला सांगितलं, तर ती चिडलीच. "म्हणजे आम्ही खोटं बोलतो का रे?" तिचा तो प्रश्न डोक्यात राहिला, कारण बायबलमधल्या पूर्वजांबद्दलही लोक शतकानुशतकं हेच विचारत आलेत.

उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात आदामापासून नोहापर्यंत दहा पिढ्यांची यादी येते. आदाम ९३० वर्षं जगला, शेथ ९१२, यारेद ९६२ आणि सगळ्यांत जास्त मथुशलह, ९६९. ही वयं खरी की खोटी?

एक सोपं उत्तर नेहमी ऐकू येतं: तेव्हा महिन्यालाच वर्ष म्हणत असतील. ९६९ भागिले बारा, साधारण ८१. छान जमलं! पण त्याच यादीत हनोखाला ६५व्या वर्षी मुलगा होतो. त्याला बारानं भागा. साडेपाच वर्षांचा बाप! शिवाय जलप्रलयाच्या गोष्टीत दहावा महिना येतो, महिन्याचा सत्ताविसावा दिवस येतो. म्हणजे वर्ष आपल्यासारखंच होतं. 'तेव्हाचं वर्ष लहान होतं' हा युक्तिवाद संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच खोडून काढला होता.

मग मी आकड्यांकडेच नीट पाहिलं. मूल झालं तेव्हाचं वय, त्यानंतरची वर्षं आणि एकूण आयुष्य, असे त्या अध्यायात २८ आकडे आहेत. ते सगळे ०, २, ५ किंवा ७ वर संपतात. अपवाद एकच, तो ९६९चा. खऱ्या जन्ममृत्यूच्या नोंदी अशा नसतात. त्यात हनोखाचं आयुष्य ३६५, सौर वर्षाच्या दिवसांइतकं. लामेखाचं ७७७. इथे कुणीतरी आकडे विचारपूर्वक मांडलेत, हे उघड आहे.

अशी यादी करणारे इब्री लोक एकटे नव्हते. शेजारच्या मेसोपोटेमियात सुमेरी राजांची यादी होती. तिची सर्वांत प्रसिद्ध प्रत, साधारण इ.स.पू. १८००ची मातीची चौकोनी वीट, आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. तिच्यात एरिदूचा पहिला राजा अलुलिम २८,८०० वर्षं राज्य करतो. प्रलयाआधीच्या आठ राजांची बेरीज होते २,४१,२००. सुमेरी लोक साठाच्या पटीत मोजायचे आणि ३,६०० हे त्यांचं मोठं एकक. २८,८०० म्हणजे बरोबर आठ एककं! प्रलयानंतर मात्र आकडे घसरतात. गिल्गमेशला १२६ वर्षं मिळतात, त्याच्या मुलाला फक्त ३०.

बायबलमध्येही तीच उतरण दिसते. नोहा ९५०, शेम ६००, अब्राहाम १७५, मोशे १२०. स्तोत्र ९० पर्यंत आलो, की माणसाचं आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी. जितकं मागे जाल तितकी माणसं मोठी, जितकं आपल्याजवळ याल तितकी आपल्यासारखी. काळाचं अंतर दाखवायची ही एक पद्धत होती. मध्येच योसेफ ११० वर्षांचा होऊन मिसरमध्ये मरतो, आणि मिसरी लोकांच्या लेखी ११० हेच आदर्श आयुष्य होतं. आपण नाही का 'शतायुषी हो' म्हणत, तसंच.

पण दोन याद्यांत एक मोठा फरक आहे. सुमेरी यादी राजांची आहे, ती राज्याची वर्षं मोजते. उत्पत्तीतली यादी बापलेकांची आहे. त्यांतला कुणीही हजार वर्षं पुरी करत नाही, आणि हनोख सोडला तर प्रत्येकाच्या नोंदीचा शेवट 'तो मेला' असाच होतो. मला यादीचं मर्म इथे वाटतं. कितीही जगलात, तरी माणूसच राहिलात.

हे आकडे पुढे पवित्र मानले गेले, तरी गोठले नाहीत. हिब्रू पाठाची बेरीज केली, तर मथुशलह नेमका प्रलयाच्या वर्षी मरतो: १८७, अधिक १८२, अधिक ६००, बरोबर ९६९. शोमरोनी पाठात यारेद, मथुशलह आणि लामेख तिघांचीही वयं कमी आहेत, आणि तिघंही त्याच वर्षी मरतात. जुन्या ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींत मात्र मथुशलह प्रलयानंतरही १४ वर्षं जिवंत राहतो. पण तो तारवात नव्हताच! मग तो वाचला कुठे, यावर ऑगस्टीनच्या काळातही वाद झाले. म्हणजे नकलकार बेरजा तपासत होते आणि कथा जुळवत होते. त्यांच्यासाठी हे आकडे जिवंत होते.

१६५० साली आर्चबिशप अशरने अशाच वयांचा आधार घेऊन जगाची सुरुवात इ.स.पू. ४००४ला झाली, असं मांडलं. चूक आकड्यांची नव्हती. आदराने लिहिलेल्या गोष्टीला त्याने जन्मदाखला समजून वाचलं.

तर आत्या, तू खोटं बोलत नव्हतीस. एकशे दहा हे पणजोबांचं वय नाही, ते आपल्या घरातलं त्यांचं स्थान आहे. कागदावरचं ब्याऐंशीही खरंच आहे, पण ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. जुना आकडा समोर आला, की आधी विचारायचं: हा कशाचं उत्तर देतोय? भेटू पुढच्या भागात.