लिफ्ट एक मजला वाढवायची म्हणजे...

घुग्घुसच्या माणसाने लिफ्टवर लिहावं म्हणजे गंमतच. आमचं गाव कोळशाचं. इथे उंचीपेक्षा खोलीच्या गप्पा जास्त. पण मंडळी, लिफ्टचा इतिहास वाचायला घेतला आणि फिरून पुन्हा खदानीतच येऊन पोचलो!

खदानीत उतरायचे रस्ते दोन. एक इन्क्लाइन, म्हणजे तिरपा बोगदा. कोळशाचा थर जसा खाली जाईल तसं खणत जायचं, पुढे रूळ जोडायचे, डबे ओढणारा दोर लांब घ्यायचा. दुसरा पिट, म्हणजे उभी विहीर, बल्लारपूरच्या ३ आणि ४ नंबर पिटसारखी. पिटमध्ये माणसं पिंजऱ्यातून खाली जातात. पूर्वी या पिंजऱ्याचा दोर मोठ्या ड्रमवर गुंडाळलेला असे. ड्रमवर दोर मावेल तेवढीच खोली! आणखी खाली जायचं तर ड्रमच मोठा हवा.

इमारतींचीही तीच कथा. एलिशा ऑटिसने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंचावर उभं राहून दोर कापायला लावला आणि पाळणा जागच्या जागी अडकून दाखवला. १८५७ मध्ये तिथल्याच एका पाच मजली दुकानात माणसांसाठी लिफ्ट बसली. पण पुढे ड्रमवर दोर गुंडाळणाऱ्या लिफ्ट आल्या आणि मजले वाढले की ड्रमची अडचण आलीच.

तोड काढली ती कोळसा खाणवाल्यांनी. १८७७ साली जर्मनीत बोखुमच्या हानोफर खाणीतल्या फ्रिडरिख कोपे यांनी दोर गुंडाळायचंच सोडून दिलं. तो चाकावरून नुसता टाकला. दोन्ही टोकांना वजन असलं की घर्षणाने चाक दोराला ओढतं. आपल्या आजच्या दोराच्या लिफ्टही याच तत्त्वावर चालतात. एका बाजूला पाळणा, दुसऱ्या बाजूला वजनाचे ठोकळे. दोर साठवायचा नाही, त्यामुळे उंचीला ड्रमची मर्यादा नाही.

मग मजला वाढवला की लिफ्ट वाढायला हरकत काय? इथेच लोक फसतात. जुन्या दोराला तुकडा जोडून चालत नाही, सगळे दोर नवे लागतात. मार्गदर्शक रूळ वर न्यायचे, मशीन छतावरच्या खोलीत असेल तर ती पाडून वर बांधायची, नवा दरवाजा आणि नवी वायरिंग करायची. वेग वाढवला तर वरची मोकळी जागा आणि तळाचा खड्डाही वाढवावा लागतो. शिवाय परवानगी लागते. मुंबई लिफ्ट कायदा १९३९ चा, त्याच्या जागी महाराष्ट्राचा नवा कायदा २०१७ चा.

आमच्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मागाहून तिसरा मजला चढवला, लिफ्ट मात्र दुसऱ्यापर्यंतच. आमच्या काकाजींना वरच्या खोलीत न्यायचं होतं. चौघांनी खुर्चीवर बसवून उचललं. काकाजी अर्ध्या जिन्यात म्हणाले, "सांभाळून बापा, मी कोळशाचं पोतं नाही." आम्ही हसलो, पण वळणावर एकाचा पाय सटकला तेव्हा सगळ्यांचं हसू विरलं.

न्यूयॉर्कमध्ये पीटर कूपर यांनी कूपर युनियनची इमारत १८५३ मध्ये बांधायला घेतली, तेव्हा माणसांच्या लिफ्ट अजून रुळल्याही नव्हत्या. तरी लिफ्ट येणारच म्हणून त्यांनी आतून गोल विहीर सोडून ठेवली. कामाला पुढची पिढी येते, हे त्यांनी ओळखलं होतं.

आपल्याकडे घरावर मजला चढवायचा विचार निघाला की पैसे आणि टाइल्स यांची चर्चा होते. जिना कोण चढणार, हे नंतर. २६ ऑगस्ट २०२२ ला आमच्याच आमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झालं, खाली जुनी खाण होती. घरातली माणसं आधी बाहेर पडली म्हणून वाचली. त्यामुळे वर काही चढवण्याआधी खाली काय आहे हे विचारायची सवय निदान घुग्घुसकरांना तरी असावी.

असो. तुमच्यापैकी कुणी वरचा मजला बांधायला काढला असेल तर आधी विहिरीची जागा सोडा. लिफ्ट पैसे जमतील तेव्हा येईल.