स्तनकर्करोगावरील जोडउपचारांची परंपरा आणि शीत प्लाझ्मा

एकाच रोगावर दोन उपचार एकत्र योजले जातात, तेव्हा त्या योजनेमागे रोगाच्या स्वरूपाविषयी एखादी उपपत्ती गृहीत धरलेली असते. ती उपपत्ती बदलली की जोडही बदलते. शीत प्लाझ्मा आणि औषधे यांच्या संयोगाची चर्चा अलीकडे प्रयोगशाळांतून होऊ लागली आहे. तिचे मोल ठरविण्यापूर्वी स्तनाच्या कर्करोगावरील जोडउपचारांचा पूर्वेतिहास पाहणे अगत्याचे आहे.

१८९४ मध्ये जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयाचे विल्यम हॉल्स्टेड यांनी पन्नास रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथी हे सर्व एकसंध काढून टाकावयाचे, ही त्यांची पद्धती. रोग उगमस्थानापासून क्रमाक्रमाने भोवताली पसरतो, असे मानले की जितके अधिक कापावे तितके इष्ट, हे ओघानेच आले. या उपपत्तीत दुसऱ्या उपचाराला खरे म्हणजे जागाच नव्हती. परंतु दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांनी अंडाशय काढल्यानंतर स्तनातील असाध्य ठरलेला रोग ओसरल्याचे जाहीर केले. म्हणजे रोगाची सूत्रे स्तनाबाहेरही होती. बीटसन यांनी शस्त्रक्रियेच्या जोडीला थायरॉइड ग्रंथीचा अर्कही दिला होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. गुण आला तो कशाने, हा प्रश्न जोडउपचाराच्या पाठीस तेव्हापासूनच लागलेला आहे.

लंडनचे जेफ्री केन्स यांनी १९२० नंतरच्या दशकात रेडियमच्या सुया वापरून शस्त्रक्रियेचा व्याप कमी केला. एडिंबरोचे रॉबर्ट मॅक्‌व्हर्टर यांनी १९४८ मध्ये साध्या स्तनोच्छेदनास किरणोपचाराची जोड देण्याचा पुरस्कार केला. दोघांनाही विरोध पुष्कळ झाला. त्यांच्या हाती अनुभव होता, परंतु नियंत्रित तुलना नव्हती. ती बर्नार्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांच्या एका प्रयोगाचा वीस वर्षांचा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी ३९.२ टक्क्यांना त्याच स्तनात रोग पुन्हा उद्भवला. गाठ काढून किरणोपचार दिलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. पूर्ण स्तन काढलेल्यांच्या आणि या दोन्ही गटांच्या आयुर्मर्यादेत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. हॉल्स्टेड यांच्या उपपत्तीला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

रोग आरंभापासूनच शरीरभर सूक्ष्म रूपाने पसरलेला असू शकतो, ही फिशर यांची भूमिका मान्य केली, तर औषधाची जोड अपरिहार्य ठरते. मिलानचे जियान्नी बोनाडोन्ना यांनी १९७६ मध्ये शस्त्रक्रियेनंतर सायक्लोफॉस्फमाइड, मेथोट्रेक्सेट आणि फ्लुओरोयुरॅसिल ही तीन औषधे दिल्याचा निष्कर्ष मांडला. तुलनागटातील १७९ स्त्रियांपैकी २४ टक्क्यांना रोग पुन्हा झाला, औषधे घेतलेल्या २०७ जणींपैकी केवळ ५.३ टक्क्यांना.

प्रत्येक जोड अशी फळास आली नाही. १९९६ मध्ये पाच प्रयोगांची एकत्र छाननी झाली. उष्णतेची जोड दिल्याने गाठ पूर्ण विरघळण्याचे प्रमाण ४१ वरून ५९ टक्क्यांवर गेले, पण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. औषधाची प्रचंड मात्रा आणि अस्थिमज्जेचे रोपण यांचा संयोग तर १९९० नंतरच्या दशकात नियंत्रित प्रयोगांची वाट न पाहताच हजारो स्त्रियांवर झाला. १९९९ मध्ये प्रयोगांचे निष्कर्ष आले तेव्हा बहुतेकांत लाभ दिसला नाही. एका प्रयोगात तेवढा तो दिसला, आणि पुढच्याच वर्षी त्या प्रयोगातील माहिती खोटी असल्याचे उघडकीस आले. या स्त्रियांनी सोसलेल्या यातना कोणत्याही कोष्टकात सापडत नाहीत.

आता प्लाझ्माविषयी. मुळात ‘घडविलेली वस्तू’ अशा अर्थाचा हा ग्रीक शब्द वैद्यकात रक्तातील द्रव भागास लावला जात होता. १९२८ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी तो आयनीभूत वायूस दिला. मराठी विश्वकोशाने ‘रक्तद्रव’ आणि ‘आयनद्रायू’ असे दोन निराळे शब्द योजून हा घोटाळा टाळला आहे. रुग्णाशी बोलताना ही दक्षता उपयोगी पडावी. शीत प्लाझ्मात इलेक्ट्रॉनांचे तापमान हजारो अंश असले, तरी वायूचे तापमान शरीराला सोसवेल इतकेच राहते. हवेच्या संपर्कात त्यातून ऑक्सिजन व नायट्रोजन यांची क्रियाशील संयुगे निर्माण होतात. कर्कपेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण आधीच अधिक असल्याने हा वाढीव भार त्यांना पेलत नाही, अशी त्यामागील कल्पना आहे. त्याचा थेट परिणाम फार खोलवर पोहोचत नाही, ही त्याची मर्यादा. जोडीची गरज भासते ती येथेच.

२०१३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांना स्तनाच्या प्रक्षेपित कर्कपेशी अस्थिमज्जेतील मूलपेशींहून प्लाझ्माला अधिक बळी पडताना आढळल्या. २०१६ मध्ये तेथेच फ्लुओरोयुरॅसिल भरलेले अतिसूक्ष्म कण आणि प्लाझ्मा एकत्र वापरले गेले; पेशींची वाढ दोहोंपैकी कोणत्याही एका उपचाराने खुंटली त्याहून अधिक खुंटली. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचे मिलानचेच एक औषध नव्या जोडीदारासह पुढे आले. अशा निष्कर्षांत ‘सिनर्जी’ हा शब्द हटकून येतो. मानवी इच्छा आणि ईश्वरी कृपा यांच्या सहकार्याविषयीच्या ख्रिस्ती धर्मशास्त्रातील वादाला याच कुळातील शब्द लावला जात असे, आणि प्रयोगशाळेतही त्याला थोडी श्रद्धेची छटा उरलेली आहे. काचपात्रातील पेशींना ना रक्तप्रवाह असतो, ना प्रतिकारशक्ती.

मनुष्यावरील पुरावा त्या मानाने तुटपुंजा आहे. बळावलेल्या घन अर्बुदांच्या वीस रुग्णांवर शस्त्रक्रियेच्या वेळी, गाठ काढल्यावर उरलेल्या कडांवर, शीत प्लाझ्मा सोडण्याचा पहिल्या टप्प्याचा प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार निर्धोक आहे की नाही, एवढेच पाहणे हा अशा टप्प्याचा मुख्य उद्देश असतो. वीस रुग्णांतून, तेही निरनिराळ्या अवयवांच्या रोगाच्या, परिणामकारकता सिद्ध होऊ शकत नाही.

त्याच वर्षी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या नेतृत्वाखालील एका भारतीय प्रयोगाचा निष्कर्षही प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेचा क्षण हाच त्याचाही विषय होता, परंतु जोड होती ती लिडोकेन या स्वस्त, जुन्या बधिरकाची. गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे ते गाठीभोवती टोचावयाचे, एवढीच कृती. १,५८३ स्त्रियांची यदृच्छेने विभागणी केली होती. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण लिडोकेन दिलेल्यांत ८६.६ टक्के व इतरांत ८२.६ टक्के होते. हयात असलेल्यांचे अनुक्रमे ९०.१ व ८६.४ टक्के.