बॉस्टनच्या बायका आणि शारदा सदन

#थ्रेड

मोठ्या शहरांतील कलादालनांत खास स्त्रियांसाठी एखादी संध्याकाळ राखून ठेवतात. तिकीट, चित्रे, चहापान आणि जमलेली रक्कम एखाद्या संस्थेला. आमच्या मोताळ्यात बायका जमतात त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, आणि परतताना वाण घेऊन जातात. मात्र बायकांनी एकत्र येऊन अनोळखी बायकांसाठी पैसा उभा करण्याच्या रीतीशी महाराष्ट्राचा संबंध बराच जुना आहे. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली.

११ मार्च १८८६. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांना पदवी मिळाली. समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांचे त्यांना निमंत्रण होते. बेत थोड्या मुक्कामाचा होता. रमाबाई राहिल्या जवळजवळ तीन वर्षे.

या तीन वर्षांत त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली आणि फ्रेबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बॉडलीबाईंच्या प्रस्तावनेसह निघालेल्या या पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. पुस्तक विकून कार्य तडीस नेणे रमाबाईंना नवे नव्हते. १८८२ च्या 'स्त्रीधर्मनीति'च्या उत्पन्नातूनच त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासाला हातभार लागला होता.

डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, पण रोजचा भार प्रामुख्याने स्त्रियांवर, त्यांत ज्युडिथ अँड्र्यूज अग्रणी. ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' निघाली. सभासदांनी दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन दिले. मला या व्यवस्थेतील खरी हुशारी इथे दिसते. एका संध्याकाळच्या कळवळ्यावर शाळेचे एखादे वर्ष निघेल. दहा वर्षांच्या वचनावर इमारत, शिक्षक आणि विद्यार्थिनींचे जेवणखाण यांचा हिशेब मांडता येतो.

याची किंमतही होती. शुभ्र वस्त्रांतील, तोकड्या केसांची, संस्कृत जाणणारी विधवा व्यासपीठावर उभी राहिली की श्रोते तिचे ऐकत, तसेच तिला पाहतही असत. निधी हवा तर स्वदेशातील दुःख परक्यांपुढे उघडे करणे भाग होते. हा सल पुढे उफाळला. ब्रुकलिनमध्ये स्वामी विवेकानंदांनी विधवांच्या हालांची वर्णने अतिरंजित असल्याचे म्हटले, तेव्हा तेथील रमाबाई सर्कलशी त्यांचा जाहीर वाद झाला. १८९५ मध्ये त्याच ब्रुकलिनमध्ये स्वामीजींनी बंगालमधील शशिपद बॅनर्जी यांच्या विधवांसाठीच्या कार्याला मदत म्हणून व्याख्यान दिले. विधवा कोणाच्या, हा तंटा. विधवांसाठी पैसा हवा, यावर मात्र एकमत!

११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. सभेचे अध्यक्षस्थान काशीबाई कानिटकरांनी भूषविले. स्त्रीने जाहीर सभेचे अध्यक्ष होणे हेच तेव्हा नवल होते. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी नावाची तरुण विधवा होती. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हलले.

देणगीची अट स्पष्ट होती: धर्मोपदेश करायचा नाही, मुलींनी आपले आचार पाळावेत. रमाबाई स्वतः १८८३ मध्येच ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यांच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि काही मुली आत येऊन बसत. एवढ्यावरून 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. अट मोडली की नाही, यावर आजही मतभेद आहेत. उघडे दार म्हणजे उपदेश नव्हे, असे मला वाटते. पण ज्या बापाने समाजाचा रोष पत्करून विधवा मुलगी तिथे पाठवली होती, त्याची भीतीही खोटी म्हणवत नाही. दहा वर्षांची मुदत संपल्यावर, १८९८ मध्ये, जुनी असोसिएशन विसर्जित होऊन नवी स्थापन झाली. नव्या व्यवस्थेत संस्थेचे ख्रिस्ती स्वरूप उघड होते.

गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. त्यासाठी वर्षानुवर्षे दारोदार वर्गणी गोळा केली ती गोदूबाईंच्या धाकट्या बहिणीने, पार्वतीबाई आठवल्यांनी. त्याही विधवाच. १९१८ मध्ये पार्वतीबाई इंग्रजी शिकायला आणि आश्रमासाठी निधी जमवायला अमेरिकेला निघाल्या. रमाबाईंसारखे तिथे कोणी बोलावलेले नव्हते; पोटासाठी त्यांनी अमेरिकन घरांत घरकाम केले.