युवकांचा उपभोग व इंटरनेट-वापर (सामाजिक धोरण)

युवकांचा उपभोग व इंटरनेट-वापर : तरुण वयातील व्यक्ती कोणत्या वस्तू व सेवा वापरतात, त्यांवर पैसा आणि वेळ किती घालवतात व त्यात राज्याने, कुटुंबाने आणि गावाने कुठवर लक्ष घालावे, याचा विचार करणारे सामाजिक धोरणाचे क्षेत्र. राष्ट्रीय युवा धोरणाने (२०१४) १५ ते २९ हा वयोगट युवक मानला. तंबाखूविक्रीचा कायदा आणि वैयक्तिक विदा-संरक्षणाचा, म्हणजे व्यक्तीविषयीच्या अंकीय माहितीला संरक्षण देणारा, २०२३ चा कायदा या दोहोंत मात्र १८ वर्षे ही सीमा असल्याने सतरा वर्षांचा मुलगा एकाच वेळी युवक आणि बालक ठरतो.

वस्तूंच्या उपभोगाबाबत धोरणाचा कल प्रथमपासून मनाईकडे राहिला. शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी घातली, तर महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखाच बंद केला. तथापि धाराशिवसारख्या कर्नाटकालगतच्या जिल्ह्यात चोरट्या वाहतुकीवरील कारवाया वारंवार कराव्या लागतात, यावरून केवळ मनाईची मर्यादा कळते.

इंटरनेटला हा मार्ग लागू पडत नाही, कारण ज्या वापराला आळा घालावयाचा तोच वापर शासनानेच अनिवार्य केलेला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, पोलीस भरतीची नोंदणी हे सर्व ऑनलाइन झाले असून वडील मोबाइल घेऊन रानात गेलेले असतील तर ओटीपीअभावी ई-सेवा केंद्रावरील विद्यार्थ्याचा अर्ज तसाच अडून राहतो. मार्च २०२० नंतर कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद पडल्या, शिक्षण मोबाइलवर आले आणि शाळा पुन्हा भरल्यावरही तो मुलांच्या हातून सुटला नाही.

या पेचावर काही गावांनी स्वतःच तोड काढली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव (ता. कडेगाव) येथे ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजतो आणि पुढील दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. या प्रयोगाचे मोल असे की, त्यात मोठ्यांनीही पडद्यापासून दूर राहावयाचे असते. आशा व अंगणवाडी सेविकांनी घरोघरी फिरून लोकांची समजूत घातली. धाराशिव जिल्ह्यातील जकेकूरवाडीनेही (ता. उमरगा) सायंकाळी ६ ते ८ अशी वेळ पाळण्यास सुरुवात केली. यवतमाळ जिल्ह्यातील बांशी (ता. पुसद) ग्रामपंचायतीने मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. दोन्ही उपाय एका मापाने मोजता येत नाहीत : पहिल्यात सर्वांनी मिळून पाळलेली वेळ आहे, दुसऱ्यात फक्त मुलांवरची बंदी.

बंदीची झळ मुलींना अधिक बसते, हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, तर पुरुष ५७.१ टक्के आढळले. केरळमधील मुलींच्या एका वसतिगृहाने सायंकाळी ६ ते १० मोबाइल काढून घेण्याचा नियम केला, तेव्हा त्यास विरोध करणाऱ्या विद्यार्थिनीच्या बाजूने २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने निर्णय दिला आणि इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्कात अंतर्भूत मानली.

कायद्याच्या पातळीवर ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव केला. भारताच्या २०२३ च्या कायद्याने मुलांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागितली आहे; परंतु अनेक ग्रामीण घरांत आईवडिलांचा मोबाइल मुलेच चालवतात, त्यामुळे संमती देणारा आणि मागणारा हात एकच असण्याचा संभव राहतो. येथे गावातील विश्वासाच्या माणसाची गरज भासते. सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील अणदूर (ता. तुळजापूर) येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्याच स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून शिकवून आरोग्यसेवा दारापर्यंत नेली; परंतु इंटरनेटच्या सुजाण वापरासाठी पालकांना, विशेषतः आयांना, हाताशी धरून शिकवणारी अशी गावपातळीवरील व्यक्ती धोरणात अद्याप नेमलेली नाही.