शाळेतले शेत आणि बापाचे शेत

मराठीच्या वर्गात आम्ही ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) शिकवतो तेव्हा चर्चा बहुधा जोतीराव फुल्यांच्या भाषेभोवती आणि त्यांच्या संतापाभोवती फिरते. त्याच्या आदल्या वर्षी, १८८२ मध्ये, त्यांनी हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेले इंग्रजी निवेदन मात्र आपण इतिहासाच्या अभ्यासकांवर सोपवून मोकळे होतो. शेतीच्या प्रत्यक्ष अनुभवातून शिकण्याचे मोल समजून घ्यायचे, तर आरंभ त्या निवेदनापासून करावा असे आम्हाला वाटते.

निवेदनाखाली सही करताना जोतीराव स्वतःला व्यापारी आणि शेतकरी म्हणवतात. प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल आणि व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, आणि जमेल तेथे मुलांना प्रत्यक्ष शिकण्यासाठी नमुन्याचे छोटे शेत असावे, असे ते सुचवतात. त्याच निवेदनात ते असेही नोंदवतात की, गुरे राखणे आणि शेत सांभाळणे यांत अडकल्यामुळे गरिबांची मुले शाळेत येत नाहीत. म्हणून त्यांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत.

या दोन मागण्या प्रथमदर्शनी परस्परविरोधी वाटतात. ज्या मुलाला शेतातून सोडवायचे, त्यालाच शाळेत पुन्हा शेतावर का न्यायचे? आमच्या मते दोन्ही शेते वेगळी आहेत. बापाच्या शेतात मुलाचे हात लागतात ते घराच्या गरजेसाठी. तेथे एक वाफा फसला तर घरच्या धान्यात तूट येते. त्यामुळे नवे काही करून पाहण्याची आणि चुकण्याची मुभा नसते. शाळेच्या शेतात ती असते. वाफा का फसला, हे विचारायलाही तेथे सवड असते. शिक्षण सुरू होते ते या सवडीत.

पुढे १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांपुढे प्रश्न वेगळा होता. मुलांना शिकायचे होते, पण पैसा नव्हता. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत श्रम हे शिक्षणाचे मोल होते. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र राबत. यातून श्रमाची लाज गेली आणि जातीची भिंतही काहीशी खचली. तरीही हे श्रम मुख्यतः पुस्तकापर्यंत पोहोचण्यासाठी होते, हे नाकारता येत नाही.

ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमची दिशा याहून निराळी होती. तेथे हस्तोद्योग हेच ज्ञानाचे माध्यम होते. झाकिर हुसेन समितीने सुचवलेल्या मूलोद्योगांत सूतकताई-विणकामाबरोबर शेतीही होती. ‘समवाय’ पद्धतीने वाफ्याच्या मोजणीतून गणित आणि पावसाच्या नोंदीतून भूगोल शिकावा, अशी ती कल्पना. परंतु मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, ही अपेक्षाही तिच्यासोबत आली. उत्पन्नाचा हिशेब लागला की चुकण्याची मुभा आटते, आणि शाळेचे शेत पुन्हा बापाच्या शेतासारखे होऊ लागते. शिवाय शहरातल्या मुलांना इंग्रजी शाळा आणि आपल्या मुलांना कुदळ, ही वाटणी खेड्यातल्या पालकांना खुपली असेल, तर तिला अडाणीपणा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पिढ्यान् पिढ्या कुदळ हाती असलेल्याला तिचे मोठेपण दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि तो विषय शाळेच्या वेळापत्रकात आला. पण अनेक ठिकाणी त्याच्या वाट्याला आठवड्यातला एखादा तास आणि कागदी फुले आली.

म्हणून मुलांना शेतावर न्यावे की नाही, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. तेथे त्यांना चुकता येते का, ‘का’ असे विचारता येते का, आणि शेतकऱ्याचे व वकिलाचे मूल एकाच सरीत उभे असते का, हेही विचारावे लागेल. सुमारे १४० वर्षांपूर्वी जोतीरावांनी शिष्यवृत्ती आणि नमुन्याचे शेत एकाच निवेदनात मागितले होते. आपण मात्र ही दोन्ही सहसा वेगवेगळ्या मुलांसाठी मागत आलो आहोत.